३५ सायकलींच्या पीसीआरमधून डीएनए किती मिळायला हवा? आधी प्रायमर मोजा, मग २ चे घात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढे वाचताना आकडे समोर राहतील. (पीसीआर म्हणजे ट्यूबमध्ये डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या नकला वाढवत नेणं; तापवण्या-थंड करण्याची एक फेरी म्हणजे सायकल, आणि दर सायकलीला प्रती आदर्शपणे दुप्पट होतात.) माणसाचा जीनोमिक डीएनए १० नॅनोग्रॅम, रिअॅक्शन २५ मायक्रोलिटरची, दोन्ही प्रायमर (तुकड्याची दोन टोकं ठरवणारे, नक्कल जिथून सुरू होते ते छोटे डीएनए) ०.२ मायक्रोमोलर, डीएनटीपी (नव्या साखळीचे चार सुटे घटक) प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, तुकडा ५०० बेस पेअरचा, सायकली ३५. जेलवर (तुकडे लांबीनुसार वेगळे करून दाखवणाऱ्या थरावर) एकच स्वच्छ बँड, म्हणजे पट्टा. कॉलमवरून (डीएनए धरून ठेवणाऱ्या जाळीवरून) साफ करून ३० मायक्रोलिटरमध्ये काढल्यावर २५ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर, म्हणजे एकूण ७५० नॅनोग्रॅम. कागदावर मात्र २^३५ ने गुणल्यावर ५५ मायक्रोग्रॅमच्या वर उत्तर येतंय. क्लोनिंगसाठी तुम्हाला ५ मायक्रोग्रॅम हवाय. तेव्हा तुमचं म्हणणं असं, की पीसीआर कुठेतरी फसला असणार. सूत्र २^न (न म्हणजे सायकलींची संख्या) धरायचं की २^न − २न हेही कळत नाही. आणि सायकली ४० केल्या तर उरलेला डीएनए निघेल का?

पीसीआर फसलेला नाही. उलट चांगला झालाय. उरलेला ५४ मायक्रोग्रॅम डीएनए कुठे सांडला, असं शोधत बसू नका. तो तयारच झाला नाही, आणि त्या ट्यूबमध्ये तयार होणं शक्यही नव्हतं. का, ते तुमचेच आकडे घेऊन दाखवते.

पहिल्यांदा सुरुवातीच्या प्रती. माणसाच्या जीनोमचा एकेरी संच साधारण ३.३ पिकोग्रॅम भरतो. १० नॅनोग्रॅम म्हणजे १०,००० पिकोग्रॅम, भागिले ३.३, म्हणजे तीन हजारांच्या आसपास प्रती. हे फक्त तुमचा जीन जीनोममध्ये एकदाच येत असेल तर. मायटोकॉन्ड्रियातला किंवा पुन्हा पुन्हा येणारा क्रम असेल तर हा आकडा कितीतरी वाढेल. डीएनए जुना, तुटका असेल तर उलटं होतं: मोजमाप १० नॅनोग्रॅमच दाखवतं, पण दोन्ही प्रायमर बसतील असे सलग तुकडे त्यात कमी असतात. तुमचा बँड ज्या दमाने आलाय त्यावरून डीएनए बरा असावा, म्हणून ३,००० धरू.

आता एका तुकड्याचं वजन. दुहेरी डीएनएच्या एका बेस पेअरला सरासरी ६५० ग्रॅम प्रति मोल धरतात. कुणी ६६० धरतं. त्या फरकावरून भांडू नये. ५०० बेस पेअरचे झाले ३,२५,०००. त्याला ॲव्होगाड्रोच्या ६.०२२ × १०^२३ या आकड्याने भागलं की एक तुकडा ५.४ × १०^−१९ ग्रॅमचा निघतो. दरवेळी हे करायला मला कंटाळा येतो, म्हणून एकच आकडा लक्षात ठेवला आहे: १,००० बेस पेअरच्या तुकड्याचा १ नॅनोग्रॅम म्हणजे साधारण ९३ कोटी प्रती. लांबी निम्मी तर प्रती दुप्पट. तुमच्या ५०० च्या तुकड्याच्या एका नॅनोग्रॅममध्ये १८५ कोटी प्रती बसतात. एवढ्यावर बाकीचं तोंडी होतं.

तुमचं गणित असं होतं: ३,००० × २^३५. २^३५ म्हणजे सुमारे ३,४३६ कोटी. गुणाकार येतो १०^१४ च्या जरा वर, म्हणजे कोटीच्या कोटी प्रती. वजन ५५ ते ५६ मायक्रोग्रॅम. गुणाकार अगदी बरोबर आहे. चूक एवढीच, की ट्यूबमध्ये टाकलेल्या मालाचा हिशेब तुम्ही केलाच नाही.

तो आता करू. ०.२ मायक्रोमोलर प्रायमर २५ मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे ५ पिकोमोल. रेणूंमध्ये सांगायचं तर तीन लाख कोटी. प्रत्येक नवीन साखळी एक प्रायमर गिळते. तो प्रायमर त्या साखळीच्या टोकाला कायमचा जोडला जातो आणि पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे शेवटचा प्रायमर संपेपर्यंत दुहेरी तुकडे होऊन होऊन तीन लाख कोटी होतील. त्यांचं वजन १.६ मायक्रोग्रॅम. तुमच्या ट्यूबचं छत हेच. सायकली ३५ असोत की १३५.

डीएनटीपीचंही बघून घेऊ, कारण यात एक गंमत आहे. चारही मिळून ८०० मायक्रोमोलर, २५ मायक्रोलिटरमध्ये २० नॅनोमोल. ५०० बेस पेअरच्या दुहेरी तुकड्याला ढोबळमानाने १,००० न्यूक्लिओटाइड लागतात, तेव्हा डीएनटीपी २० पिकोमोल तुकड्यांना पुरतील. प्रायमर ५ पिकोमोललाच संपतात, म्हणजे तुमच्याकडे आधी प्रायमर संपणार. पण तुकडा २,००० बेस पेअरचा असता तर दोन्ही साधारण एकाच वेळी संपले असते, आणि त्याहून लांब तुकड्याला आधी डीएनटीपी अपुरे पडतात. वजनात बघायचं तर २० नॅनोमोल न्यूक्लिओटाइडपासून फार तर साडेसहा मायक्रोग्रॅम डीएनए बनू शकतो, लांबी कितीही असो. ट्यूबमध्ये कच्चा मालच साडेसहा मायक्रोग्रॅमचा आणि तुम्ही ५५ ची वाट बघत होता. कुठल्याही पीसीआरचं उत्पन्न काढायचं असेल तर मी हे दोन भागाकार आधी करते. २ चे घात त्यानंतर.

या छताशी तुमचे ७५० नॅनोग्रॅम ताडून बघा. ७५० गुणिले १८५ कोटी, म्हणजे सुमारे १.३९ लाख कोटी प्रती. तीन लाख कोटींपैकी जवळजवळ निम्मे प्रायमर कामी आले, आणि कॉलममध्ये थोडा डीएनए जातो तो वेगळाच. नेहमीच्या रिअॅक्शनमधून याहून जास्त मिळालं तर आनंद मानावा, पण ते गृहीत धरू नये.

हाच आकडा उलटा फिरवला तर आणखी एक गोष्ट दिसते. १.३९ लाख कोटी भागिले ३,००० केलं की वाढ ४६ कोटी पट येते. २^२९ म्हणजे ५३.७ कोटी. म्हणजे मशीनने ३५ सायकली चालवल्या, पण दुप्पट होण्याचं काम जेमतेम २९ सायकलींइतकंच झालं. आदर्श दुपटीने गेलं तर ३० व्या सायकलीलाच ३,००० × १०७ कोटी, म्हणजे ३.२ लाख कोटी होतात आणि छत फुटतं. मग शेवटच्या पाच सायकलींत दुपटीला वावच राहत नाही. सूत्राला हे माहीत नसतं. ते बिचारं दुप्पट करतच राहतं.

खरं तर छताला टेकण्याच्या बऱ्याच आधी वेग मंदावतो. सुरुवातीला तुकडे विरळ असतात, डोळे मिटून प्रायमर बसतो. तुकड्यांची गर्दी झाली की ९५ अंशाला सुट्या झालेल्या दोन साखळ्या, तापमान उतरताना प्रायमर बसायच्या आधीच एकमेकींना जाऊन चिकटतात. शिवाय टेम्प्लेट (ज्यांवरून नक्कल होते त्या साखळ्या) इतके झालेले असतात की एन्झाइमला दिलेल्या वेळात सगळ्यांपर्यंत पोचता येत नाही. ‘टॅक मेलं असेल’ (टॅक म्हणजे नक्कल करणारं ते एन्झाइम) हे आमच्याकडचं आवडतं निदान, पण तुमच्या बाबतीत मला ते पटत नाही. ९५ अंशाला टॅक पॉलिमरेज निम्मं व्हायला साधारण ४० मिनिटं लागतात. तुमच्या ३५ सायकलींचे ३०-३० सेकंद आणि सुरुवातीची दोन-तीन मिनिटं धरली तर ते ९५ अंशाला वीस मिनिटं होतं. सत्तर टक्के एन्झाइम अजून जिवंत असणार.

आता कार्यक्षमता. छत गाठायच्या आधीसुद्धा प्रत्येक सायकलीला बरोबर दुप्पट होतंच असं नाही. म्हणून खरं सूत्र असं लिहायचं:

शेवटच्या प्रती = सुरुवातीच्या प्रती × (१ + ई)^न

इथे न म्हणजे सायकली आणि ई म्हणजे कार्यक्षमता. १०० प्रतींपैकी ९० ची नक्कल झाली तर ई ०.९, आणि कंसात १.९. सगळ्यांची झाली तर ई १, म्हणजे ओळखीचं २^न. २ आणि १.९ मध्ये फरक तो काय, असं वाटतं. पण ३० सायकलींनंतर २^३० होतात १०७ कोटी आणि १.९^३० होतात २३ कोटी. पाचातला एक हिस्सा. १.८ धरलं तर साडेचार कोटी, म्हणजे चोविसावा हिस्सा. हे चक्रवाढ व्याज आहे. दरात जरासा फरक पडला तरी मुदत लांब असल्यामुळे अंतर प्रचंड पडतं.

हे नवीन दुखणं नाही. १९८५ साली ‘सायन्स’मध्ये सायकी, मलिस आणि सहकाऱ्यांचा पीसीआरवरचा पहिला निबंध आला, सिकल सेल ॲनिमियाच्या निदानासाठी बीटा ग्लोबिनचा तुकडा वाढवलेला. २० सायकलींत त्यांना वाढ मिळाली सुमारे २,२०,००० पट. २^२० होतात १०,४८,५७६. गणकयंत्रावर १.८५^२० करून बघा, बरोबर २ लाख २० हजारांच्या आसपास येईल. म्हणजे कार्यक्षमता ८५ टक्के. तेव्हा टॅकही नव्हतं. क्लेनाव एन्झाइम उष्णतेने मरायचं म्हणून प्रत्येक सायकलीला झाकण उघडून नवीन घालावं लागे. यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं टॅक नंतर आलं आणि ती कटकट संपली. त्या माणसांनी वीस वेळा झाकणं उघडून ८५ टक्के गाठले, हे आठवलं की आपल्या तक्रारी मी जरा आवरत्या घेते.

ई किती असेल हे मी तुम्हाला इथे बसून सांगू शकत नाही. ते प्रायमरवर, तुकड्याच्या लांबीवर, डीएनएमधल्या जी आणि सी या घटकांचं प्रमाण किती यावर, ॲनीलिंगच्या (प्रायमर बसण्याच्या) तापमानावर आणि मॅग्नेशियमवर अवलंबून असतं. डीएनए काढताना काय मागे राहिलं यावर तर फारच. रक्तातून काढला असेल तर हिमोग्लोबिन किंवा हेपॅरिन, मातीतून काढला असेल तर ह्युमिक ॲसिड, फिनॉल वापरलं असेल तर त्याचा अंश. ईडीटीए असलेल्या बफरमध्ये डीएनए विरघळवून तो भरपूर ओतला तर ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि एन्झाइम उपाशी राहतं. एकाच मशीनवर, एकाच दिवशी, शेजारच्या दोन ट्यूबमध्ये दोन वेगळ्या प्रायमर जोड्यांची कार्यक्षमता वेगळी असते.

२^न की २^न − २न? दोन्ही बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळी गोष्ट मोजतात. एका दुहेरी रेणूपासून सुरुवात करा. पहिल्या सायकलीत मूळच्या दोन लांबलचक साखळ्यांवर दोन नव्या साखळ्या बनतात. प्रत्येकीचं एक टोक प्रायमरने ठरवलेलं, दुसरं टोक मात्र एन्झाइम जिथवर गेलं तिथवर. दुसऱ्या सायकलीत या अर्धवट साखळ्यांवर प्रायमर बसतो आणि पहिल्यांदाच दोन्ही टोकं नेमकी असलेली साखळी जन्मते, पण तिची जोडीदार अजून लांब असते. तिसऱ्या सायकलीअखेर आठ दुहेरी रेणू होतात: दोनांत मूळ साखळी, चारांत एक लांब आणि एक नेमकी, आणि फक्त दोन असे की ज्यांच्या दोन्ही साखळ्या नेमक्या ५०० च्या. सूत्रात घालून बघा, २^३ − ६ = २. म्हणजे २^न मध्ये सगळे दुहेरी रेणू येतात आणि २^न − २न मध्ये फक्त जेलवर बँड म्हणून दिसणारे. परीक्षेत ‘इच्छित लांबीचे किती’ असं विचारलं असेल तर २न वजा करा. प्रयोगशाळेत ३० सायकलींनंतर १०७ कोटींतून ६० वजा करणं हे काम मी कुणाला सांगणार नाही.

याच ओघात आणखी एक. आरएनएवरून बनवलेल्या सीडीएनएसारख्या एकेरी साखळीपासून सुरुवात असेल तर पहिली सायकल तिला दुहेरी करण्यातच जाते. तेव्हा हिशेब एक सायकल मागे, म्हणजे २^(न−१).

आतापर्यंतचं एका दमात: ३,००० प्रती, छत तीन लाख कोटींचं, छताखाली (१ + ई)^न चं राज्य, आणि छताजवळ कुठलंच सूत्र चालत नाही.

म्हणूनच शेवटी मिळालेल्या डीएनएवरून सुरुवातीला किती होता हे काढायला जाऊ नका. पुष्कळ विद्यार्थी हे करतात. ३०० प्रती घ्या, ३,००० घ्या की ३०,०००, ३५ सायकलींनंतर तिन्ही ट्यूब छतापाशी गर्दी करून बसतात आणि जेलवर तिन्ही बँड सारखेच दिसतात. सुरुवात मोजायची असेल तर घात-वाढ चालू असतानाच बघायला हवं. रिअल टाइम पीसीआर तेच करतो: शेवटी किती झालं हे न विचारता, डीएनएबरोबर वाढणारा प्रकाश ठरावीक पातळीपर्यंत पोचायला किती सायकली लागल्या हे विचारतो. ती संख्या म्हणजे सीटी.

कार्यक्षमताही तिथेच मोजता येते. ज्ञात प्रमाणाचा डीएनए दहा-दहापट पातळ करत पाच पायऱ्या करा. समजा सीटी आले १५.१, १८.६, २२.१, २५.६, २९.१. दर दहापटीला ३.५ सायकली जास्त, म्हणजे प्रतींच्या लॉगवर काढलेल्या रेषेचा उतार −३.५. कार्यक्षमता = १०^(−१/उतार) − १. इथे १०^(१/३.५) होतात १.९३, म्हणजे ९३ टक्के. आदर्श उतार −३.३२, कारण २ चा ३.३२ वा घात १० होतो. उतार −३.९ आला तर ८० टक्के. ते प्रायमर मी तरी बदलेन. आणि −३.० आला, म्हणजे ११५ टक्के, तर मशीनचं कौतुक करू नका. शंभरावरची कार्यक्षमता बहुतेक वेळा सांगते की सगळ्यात दाट नमुन्यात काहीतरी अडथळा आणणारं आहे आणि पातळ केल्यावर ते निवळतंय, किंवा पिपेट सरळ चाललेलं नाही.

कार्यक्षमता मोजायचा आळस किती महागात पडतो तेही बघा. सीटी २५ ला कार्यक्षमता १०० टक्के धरली आणि प्रत्यक्षात ती ९० असली, तर (२/१.९)^२५, म्हणजे ३.६ पटीची चूक होते. दोन जीनची तुलना करताना ‘हा जीन साडेतीन पट वाढला’ असं लिहायच्या आधी हा आकडा आठवावा.

अगदी कमी प्रतींच्या वेळी तर सूत्राआधी नशीब येतं. सरासरी ट्यूबमागे एक प्रत असेल तर १०० पैकी ३७ ट्यूबमध्ये एकही प्रत पडलेली नसते. पीसीआर कितीही उत्तम असला तरी शून्याला २^४० ने गुणून शून्यच येणार. सरासरी तीन प्रती असल्या तर रिकाम्या ट्यूब ५ टक्क्यांवर येतात. तुमच्या ३,००० ला ही भीती नाही.

तुम्ही कॉलमवर साफ करून मगच मोजलंत हे फार बरं केलंत. माझ्याकडे एक मुलगी एकदा हरखून आली होती: पीसीआर झाल्या झाल्या, काहीही साफ न करता, नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो यावरून डीएनए मोजणारं यंत्र) थेंब ठेवला आणि आकडा चारशे नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरच्या वर. मी म्हटलं, आता टेम्प्लेट न घातलेल्या निगेटिव्ह कंट्रोलचा थेंब ठेव. तोही चारशेच्या वर. तिचा चेहरा पडला. २६० नॅनोमीटरचा प्रकाश डीएनटीपीही शोषतात आणि प्रायमरही. ८०० मायक्रोमोलर डीएनटीपी एकटेच त्या यंत्राला काहीशे नॅनोग्रॅमचा डीएनए भासवतात. साफ न केलेला नमुना मोजायचाच असेल तर दुहेरी डीएनएलाच चिकटणारा चमकणारा रंग वापरणारं फ्लोरोमीटर घ्या. नाहीतर जेलवर ज्ञात प्रमाणाच्या लॅडरशेजारी (माहीत असलेल्या लांबीच्या तुकड्यांच्या मिश्रणाशेजारी) चालवून डोळ्यांनी अंदाज करा. तो अंदाजसुद्धा साफ न केलेल्या नॅनोड्रॉपपेक्षा खरा असतो.

आता ४० सायकलींकडे. करू नका. निम्मे प्रायमर उरलेत हे खरं, पण ते तुमच्या तुकड्यावरच बसतील असं नाही. तुमच्या तुकड्याची दुपटी थांबली तरी नको असलेल्या तुकड्यांची थांबलेली नसते. ते कमी असल्यामुळे अजून घात-वाढीतच असतात. प्रायमर-डायमर (दोन प्रायमर एकमेकांना चिकटून होणारा तुकडा) तर छोटा, त्यामुळे झपाट्याने होतो. जेलवर मग स्वच्छ बँडच्या जागी धूर दिसतो. नवखी असताना मी ४५ सायकली लावून असाच धूर जमवला होता, आणि वर निगेटिव्ह कंट्रोलमध्येही बँड आला तो वेगळाच.

त्या निगेटिव्हच्या बँडचा हिशेब करून बघण्यासारखा आहे. समजा हवेतून, हातमोज्यावरून, पिपेटमधून तुमच्या तुकड्याचा एकच रेणू निगेटिव्हमध्ये पडला आणि कार्यक्षमता ९० टक्के आहे. ३५ सायकलींनी त्याचे ५७१ कोटी होतात, पूर्ण ट्यूबमध्ये ३ नॅनोग्रॅम. जेलवर ५ मायक्रोलिटर घातले तर ०.६ नॅनोग्रॅम, साध्या इथिडियम ब्रोमाइडच्या जेलवर ते काही दिसत नाही आणि तुम्ही निर्धास्त. आणखी पाचच सायकली चालवा: १.९^४० म्हणजे सुमारे १४,००० कोटी, ट्यूबमध्ये ७६ नॅनोग्रॅम, ५ मायक्रोलिटरमध्ये १५. झगझगीत बँड. पाच सायकलींत ‘स्वच्छ’चं ‘दूषित’ झालं, आणि रेणू मात्र पहिल्यापासून तोच एक होता.

प्रायमर वाढवून छत उंच करता येतं. ०.५ मायक्रोमोलर घेतलं तर छत ४ मायक्रोग्रॅमवर जातं. पण तुम्ही तिथवर पोचाल असं नाही, कारण साखळ्यांची आपापसात चिकटाचिकटी आणि एन्झाइमची ओढाताण तशीच राहते, आणि डायमरची भीती वाढते. टेम्प्लेट वाढवून तर फायदाच नाही. छताला दोन-तीन सायकली आधी टेकाल इतकंच. एका ट्यूबमधून जास्त पिळण्यापेक्षा ट्यूब वाढवाव्यात हे माझं सरळ मत.

तुम्हाला ५ मायक्रोग्रॅम हवाय आणि एका ट्यूबमधून ७५० नॅनोग्रॅम मिळतोय. सात ट्यूबमध्ये काम होतं, पण आठची पट्टी येते तर आठही भरा: ६ मायक्रोग्रॅम. नऊ रिअॅक्शनचा एकच मास्टर मिक्स (सगळ्यांसाठी एकत्र केलेलं मिश्रण) करा, म्हणजे पिपेटमध्ये जातो तो पकडून आठला कमी पडणार नाही. निगेटिव्ह कंट्रोलही लावणार असाल, आणि लावाच, तर दहाचा करा, आणि टेम्प्लेट त्या मिक्समध्ये न घालता ट्यूबमध्ये वेगळं घाला. सायकली ३५ वरून ३० किंवा ३१ वर आणा. ९० टक्क्यांनी ३,००० पासून तुमच्या ७५० नॅनोग्रॅमपर्यंत जायला हिशेबाने ३१ सायकली लागतात. पहिल्यांदा एकेकच ट्यूब लावून ३० आणि ३१ दोन्ही बघून घ्या, आणि बँड फिका वाटला तरच ३३ करा. आठही ट्यूब एकत्र करून एकाच कॉलमवर घाला, फक्त त्या कॉलमची डीएनए धरायची क्षमता माहितीपत्रकात आधी वाचा. पुष्कळ साध्या कॉलमची १० मायक्रोग्रॅम असते, तेव्हा ६ बसतील. कॉलममधून काढताना ३० मायक्रोलिटर बफर थोडा कोमट करून जाळीच्या मधोमध सोडा आणि एक मिनिट थांबून मगच फिरवा.